मूठभर मीठ आणि कलशातला माड

मी बी उकरून बघतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या धंद्यात याहून वाईट खोड नाही. आचाऱ्याने वाढायच्या आधी प्रत्येक पुरी मोडून बघावी, तसलंच हे.

माझं पोट बियांपासून पाम वाढवण्यावर चालतं. पाम म्हणजे माड, पोफळ, ताड, भेरली माड आणि ऑफिसांच्या दाराशी उभे केलेले त्यांचे परदेशी भाऊबंद. यांचं बी ओलसर भुशात घालायचं आणि विसरून जायचं असतं. मला विसरता येत नाही. सकाळी चहा व्हायच्या आत मी मागच्या दारी जातो, भुसा बोटाने बाजूला करतो, बी उचलून मूळ फुटलंय का बघतो आणि परत ठेवतो. संध्याकाळी पुन्हा तेच. कोवळी मुळं या हाताळण्यात मोडतात. किती मोडली असतील याचा विचार आला की मी दुसऱ्या कामाला लागतो, आणि ते काम बहुतेक वेळा दुसरी पिशवी उघडून बघण्याचंच असतं. माझी बायको मीना म्हणते, ‘तुम्ही झाडं वाढवत नाही, त्यांची चौकशी करता.’

आमचं घर गिरगावातल्या एका वाडीत, तळमजल्यावर. दोन खोल्या, आणि नशिबाने मागे मोकळ्या जागेची एक पट्टी. एका बाजूला शेजारच्या इमारतीची भिंत, दुसऱ्या बाजूला बुजवलेली विहीर. वाडी हा शब्द आता फक्त पत्त्यात उरलाय, पण इथे खरोखरच माडांची वाडी होती. तिच्यातला शेवटचा माड मी लहानपणी पाहिला आहे. त्याचा नारळ कुणाच्या तरी पत्र्यावर पडला आणि माड कापला गेला. पुढे मी एका औषध कंपनीत डिस्पॅच क्लार्क होतो. कंपनीने ऑफिस हलवलं तेव्हा आम्हा काही जणांना मागे ठेवलं, आणि मागच्या पट्टीतला छंद हा धंदा झाला. मी तो निवडला असं म्हणणं खोटं होईल. हातात दुसरं काही नव्हतं.

लोकांना वाटतं, बी पेरलं की झाड येतं. पामचं तसं नाही. बी ताजं लागतं. फळाचा गर पूर्ण काढावा लागतो, नाहीतर बुरशी येते. भेरली माडाचा गर मी पहिल्या खेपेला उघड्या हातांनी काढला आणि दिवसभर कोपरापर्यंत खाजवत बसलो. ही खाज गावाकडच्या कुठल्याही पोराला ठाऊक असते, मला नव्हती. मग बी पाण्यात भिजत घालायचं, रोज पाणी बदलायचं, आणि काथ्याच्या ओल्या भुशात मिसळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उबदार जागी ठेवायचं. आमच्याकडे ती जागा फ्रिजच्या डोक्यावर आहे. काही जातींना महिन्यात मोड येतो, काही वर्ष घेतात. एकदा कंटाळून मी एक अख्खी पिशवी विहिरीमागे ओतून दिली. पुढच्या पावसाळ्यात तिथल्या फटीतून हिरव्या सुया वर आल्या. माझ्या हातातून सुटल्यावर त्या बिया सुखाने उगवल्या. ते बघून आनंद व्हायला हवा होता, पण कुणीतरी मला फटकारल्यासारखं वाटलं.

गिऱ्हाईकंही तशीच. दादरच्या एका गृहस्थांना बाल्कनीखाली माड हवा होता, पण नारळ नको होते. खाली त्यांची गाडी उभी असायची. मी म्हटलं, नारळ न धरणारा माड मी देऊ शकत नाही. ते म्हणाले, मग निदान कमी धरेल असा बघा. एका ऑफिसच्या मॅनेजरांनी फोन करून तक्रार केली की चार पामांपैकी एक वाढला आणि रांग बिघडली. मी जाऊन उंच झालेला बदलून दिला आणि तो घरी आणला. तो अजून मागच्या पट्टीत आहे. वाढल्याची शिक्षा झालेलं झाड म्हणून मी त्याला जरा जास्तच पाणी घालतो.

पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा डोक्यात होता तो एकच माड. तो माझा नव्हता.

आपल्याकडे देवापुढच्या कलशावरच्या नारळाला कधी कधी कोंब येतो. घर हरखतं. तो नारळ फोडायचा नसतो, खायचा नसतो, लावायचा असतो. गावी परसात खड्डा काढला की झालं. लालबाग-परळच्या चाळीत तो लावणार कुठे? कुणीतरी माझं नाव सांगतं, आणि तांदूळ-हळदीकुंकवासकट नारळ पिशवीत घालून माणसं माझ्या दारी येतात. मी ठेवून घेतो. खरं तर माडाला जन्मभर बादलीत ठेवता येत नाही, हे मला माहीत असतं. तरी मी नाही म्हणत नाही. देवाचा नारळ घेऊन आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची छाती मला नाही.

परबकाकी अशाच आल्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने बारीक, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. नवरा गिरणीत होता, तो गेला. मुलगा नितीन मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला. तो पहिल्यांदा बोटीवर चढला त्याच आठवड्यात त्यांच्या कलशावरच्या नारळाला कोंब आला होता. त्यांनी मला एवढंच सांगितलं आणि नारळ माझ्या हातात दिला. पुढचं सांगायची गरज नव्हती. हा माड हिरवा आहे तोवर नितीन सुखरूप आहे, असं ते ठरलं होतं.

रंगाच्या मोठ्या बादलीला भोकं पाडून मी तो लावला. दोन वर्षांत तो माझ्या छातीपर्यंत आला. काकी दर आठवड्याला यायच्या. मीना चहा करायची. काकी मागच्या पायरीवर बसून माडाकडे बघत मला नितीनचे ठावठिकाणे सांगायच्या. बोटीवर नेट आहे पण चालतं तेव्हा चालतं. कधी रोज फोन, कधी पंधरा-पंधरा दिवस काही नाही.

यंदा उन्हाळ्यात माडाच्या झावळ्यांची टोकं करपायला लागली. आधी टोकं, मग कडा. मी पाणी वाढवलं, कमी केलं, बादली सावलीत नेली, परत उन्हात आणली. मधली सुई, म्हणजे अजून न उघडलेलं नवं पान, थांबल्यासारखी दिसायला लागली. इथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. आंब्याची फांदी तोडली तर दुसरी येते. माडाला फांदी नसते. वाढणारा कोंब एकच, खोडाच्या डोक्यात, आत. तो गेला की झाड गेलं, मग बाकीच्या झावळ्या महिनाभर कितीही हिरव्या दिसोत.

एका सकाळी बादली हलवताना तळाच्या भोकाशी पांढरा थर दिसला. मातीच्या कडेलाही तसाच होता. मी बोट लावून चाटलं. मीठ होतं.

मग मला सगळं दिसलं. काकी आल्या की मी त्यांना माडाजवळ एकटं सोडून आत यायचो, देवळात माणसाला एकटं सोडावं तसं. जाताना त्यांच्या पदराच्या टोकाला सैल झालेली गाठ असायची. कोकणात माडाच्या मुळाशी मीठ घालतात. माझ्या आजोबांनीही घातलेलं आहे. त्यात चूक काही नाही. पण तिथे पाऊस असा कोसळतो की मीठ वाहून जातं, आणि मुळांना पळायला जागा असते. बादलीतला माड कुठे पळणार?

काकी पुढच्या वेळी आल्या तेव्हा नितीनचा बरेच दिवस फोन नव्हता. त्या चहाला थांबल्या नाहीत. सरळ मागे गेल्या, करपलेली झावळी हातात धरली आणि मला विचारलं, “माझ्या माडाक काय झाला?”

खरं उत्तर माझ्या तोंडात होतं. पण ते दिलं असतं तर त्याचा अर्थ त्यांच्या कानात काय झाला असता? तुम्ही ज्याला मुलाचा जीव मानता, त्याला तुम्हीच रोगी केलंत. मी म्हटलं, “माझी माती चुकली काकी. खत कच्चं पडलं.”

त्यांनी झावळी सोडली. मग म्हणाल्या, माणसाकडून चूक होते. आणि दुसऱ्या दिवशी टॅक्सी घेऊन आल्या. माडाची बादली मागच्या सीटवर, झावळ्या खिडकीबाहेर. टॅक्सीवाला कुरकुरत होता, मी त्याची समजूत घालत होतो. काकी पुढे बसल्या आणि काच खाली करून मला म्हणाल्या, “आता मीच बघीन.”

दुसऱ्याचा दोष अंगावर घेण्यात एक गोड सुख असतं. मला ते दोन दिवस पुरलं. मी किती समजूतदार वागलो, हे मी मीनाला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, “मग आता तिथे मीठ कोण थांबवणार?”

मला हे सुचलंच नव्हतं. इथे त्या आठवड्यातून एकदा घालत होत्या. तिथे बादली दारात, मिठाची बरणी घरात, आणि फोन येत नाही. मी खोटं बोलून माडाला थेट मिठाशेजारी नेऊन ठेवलं होतं.

त्यानंतरचे काही दिवस मी घरात नुसता फिरत होतो. बिया उकरल्या, पिशव्या उघडल्या, पुन्हा बांधल्या. लालबागला जायचं म्हणून दोनदा चपला घातल्या आणि एकदा तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. जाऊन म्हणणार काय? माझी पहिली गोष्ट खोटी होती, आता ही दुसरी ऐका? शेवटी मीनाने पिशवीत चार केळी घातली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली की रिकाम्या हाताने जाऊ नका, म्हणजे दारातून परत फिरता येणार नाही.

चाळीत पोचलो तेव्हा पाणी आलं होतं. गॅलरीभर पिंपं, कळशा, बादल्या. काकींच्या दाराशी माड उभा होता. मी नेऊ दिला तेव्हापेक्षा वाईट. बादलीशेजारी बरणी. झाकण शेजारी काढून ठेवलेलं.

“परत नेवक इलास?” काकींनी विचारलं. बस म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. “काकी, माती चुकली नव्हती. खतही बरोबर होतं.”

“मगे?”

“मीठ.”

“माडाक मीठ लागता,” त्या शांतपणे म्हणाल्या, अडाणी मुलाला सांगावं तसं. “माझ्या सासऱ्यान लावलेले माड अजून धरतत.”

मी पावसाचं सांगितलं, मुळांचं सांगितलं. खाली वाकून बादलीच्या भोकाशी जमलेला पांढरा थर नखाने खरवडून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी जिभेला लावला.

“म्हंजे मीच...” म्हणाल्या आणि थांबल्या. मग मान वर करून, “तुमका कधी कळला ह्या?”

“तुम्ही टॅक्सी आणलीत त्याच्या आधी.”

“आणि माका सांगूक नाय.” त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “सामंतानू, नवरो गेलो तेव्हा डॉक्टरान माका तोंडावर सांगल्यान. मी ऐकलंय. तुमका वाटला माका माडाचा ऐकूक झेपाचा नाय?”

केळ्यांची पिशवी माझ्या हातात तशीच होती. त्यांनी ती घेतली, आत ठेवली, परत आल्या आणि माडाजवळ खाली बसल्या.

“फोन येवक नाय की मी मूठभर घालतंय,” त्या म्हणाल्या. “तेवढाच माझ्या हातात. आता मी काय घालू?”

“पाणी.”

“नुसता पाणी?”

“नुसतं. खालून वाहून जाईपर्यंत. आज भरपूर, नंतर रोज थोडं.”

मग आम्ही पाणी घालायला लागलो. मीठ काढायला दुसरा उपाय नाही. गोडं पाणी वरून सोडत राहायचं, ते मीठ विरघळवून खाली नेतं. एक कळशी, दुसरी कळशी. बादलीच्या भोकांतून गढूळ पाणी गॅलरीच्या पन्हाळीला लागलं. काकी मध्येच त्यात बोट बुडवून जिभेला लावायच्या. “खारट.” पुन्हा कळशी. “खारटच.” त्यांचं पिंप अर्ध्यावर आलं. दिवसाचं पाणी होतं ते. मी थांबूया म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

पन्हाळ तुंबली आणि पाणी खालच्या मजल्यावर टपकायला लागलं. खालून राणेवहिनींचा आवाज आला. या बाई काकींच्या जुन्या शेजारीण, आवाजासाठी चाळीत प्रसिद्ध. “वर काय जहाज फुटलं की काय गो सुमन?”

काकींचा हात कळशीवरच राहिला. खालीही बहुधा लक्षात आलं असावं, कारण नंतर एक शब्द आला नाही. थोड्या वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. राणेवहिनी दोन कळशा घेऊन वर आल्या होत्या. काय चाललंय ते विचारलं नाही, बोललेल्या वाक्याबद्दल माफीही मागितली नाही. कळशा माडाशी ठेवल्या आणि म्हणाल्या, “घाल. माझ्याकडे पिंप भरलंय.”

त्यांची दुसरी कळशी संपत आली तेव्हा काकींनी बोट चाटलं आणि म्हणाल्या, “आता नाय लागत.”

निघण्यापूर्वी मी खिशातल्या पेनाने माडावर एक आडवी रेघ मारली, मधल्या सुईवर आणि तिच्या शेजारच्या पानाच्या देठावर, दोन्हींवर सरळ. पाम जिवंत आहे का हे कळायला एवढाच साधा उपाय आहे. जुनं पान वाढत नाही. सुई आतून वर सरकत असेल तर तिच्यावरची रेघ वर जाते आणि सरळ रेघ तुटते. सरकत नसेल तर रेघ जशीच्या तशी राहते. मी हेही सांगितलं की लगेच काही दिसणार नाही, आज दिसतंय ते करपणं जुन्या मिठाचं आहे. आणि सुई ओढून बघायची नाही. जिवंत असली तरी निसटून हातात येईल.

“तुमी बघतास ओढून,” काकी म्हणाल्या. “तुमची बायको सांगी होती, बिया उकरतात म्हणून.”

राणेवहिनी हसल्या. मग काकींनी सौदा केला. त्या मीठ घालणार नाहीत, आणि मी रोज उठून माड बघायला यायचं नाही. त्या फोन करतील. त्यांनी बरणी उचलून राणेवहिनींच्या हातात दिली. स्वयंपाकाला लागेल तेवढं चिमूटभर खाली जाऊन मागून आणायचं, असं ठरलं.

मी शब्द दिला आणि घरी येऊन पस्तावलो. बघू नका असं मी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, पण स्वतःवर कधी ते बंधन आलं नव्हतं. फ्रिजवरच्या पिशव्या मी कपाटावर टाकल्या, हात पोचणार नाही अशा. मग स्टूल आणलं. मग मीनाने स्टूल शेजारी दिलं. काकींचा रोज सकाळी फोन यायचा, आणि त्यात तेच वाक्य: रेघ तशीच. नितीनचा फोन? नाही. ठेवते. कधी त्या सांगायच्या की कालची आमटी अळणी झाली, खाली जायचा कंटाळा आला होता. राणेवहिनी सगळ्या चाळीला सांगत होत्या की सुमनच्या घरी आता श्रावण आधीच आलाय. मी हसायचो आणि फोन ठेवला की येरझाऱ्या सुरू. रेघ तशीच म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. तिला वेळ लागतो हेही ठाऊक होतं. दोन्ही ठाऊक असण्याचा काहीच उपयोग होत नव्हता.

एका सकाळी फोन आला नाही. दहा वाजले, अकरा वाजले. मी कपडे केले. मीना म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, शब्द दिलाय. कपडे घालूनच मागच्या पायरीवर बसलो, जिथे त्या बसायच्या. मनात सगळं येऊन गेलं. सुई गळून पडली असेल. बोटीवरून काही कळलं असेल. बरणी वर आली असेल. आपण पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर माडाला काही दिवस तरी आधी पाणी मिळालं असतं.

दुपारी जेवायला बसलो तोच फोन वाजला. काकीच होत्या, आणि एवढ्या भरभर बोलत होत्या की मला आधी काही कळेना. नितीनचा फोन आला होता, चांगला तासभर. बोट बंदराला लागली होती. भर समुद्रात नेट नव्हतं, म्हणून फोन राहिला. दाढी वाढवलीय मेल्याने. बोटीवरचा कुक केरळचा आहे, मासे बरे करतो. मे महिन्यात सुट्टी मिळेल म्हणतोय. मग राणेवहिनी आल्या, मग आणखी कोणकोण आलं, सगळ्यांना सांगण्यात सकाळ गेली. मी हं हं करत राहिलो. त्या श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा मी हळूच विचारलं, “आणि माड?”



“अगो बाय,” काकी म्हणाल्या. “आज बघूकच इसारलंय. थांबा.”

त्यांच्या चपलांचा आवाज आला. दाराची कडी. गॅलरीतल्या कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मी ताटावरून उठून कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. मीना माझ्याकडे बघत होती.

“सामंतानू,” आवाज आला, “तुमी रेघ एकच मारलेली ना?”

“एकच.”

“माका दोन दिसतत. एक खाली हा, एक वर.”

“काकी, चष्मा आहे ना डोळ्यांवर?”

“चष्मो लावूनच सांगतंय,” त्या म्हणाल्या. “दोन.”